हातचा

हुलियाकात खडू काही महाग नाहीत.
तरी माझ्या टेबलाच्या खणातून
मार्चपासून रोज एकदोन कमी होत होते.
मी मुलग्यांचे खिसे उलटे करून पाहिले,
शौचालयाच्या दारामागे
पांढरी अक्षरं शोधली.
विल्बरला एकदा पूर्ण तास वर्गाबाहेर उभं केलं,
डबक्यावर बर्फाची साय धरलेली असताना.
त्याची माफी मागायची राहिलीच आहे.

जूनमध्ये नर्स मार्लेनी आली.
निळी पेटी, सुया, कापूस,
आणि मुठीत मावेल एवढं यंत्र.
आकडे लिहायला मला बसवलं,
गणिताची बाई म्हणून.

नेलिदा चोकेवांका. वय चौदा.
उंची दहाव्या वर्षी थांबल्यासारखी.
तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपणारी.
प्रगतिपुस्तकात मी तिच्या नावापुढे
'आळशी' असं लिहिलं होतं,
पेन्सिलीने नव्हे.

बोट टोचलं.
थेंब यायला तयार नव्हता,
मार्लेनीने बोट चोळलं, दाबलं, फुंकर घातली.
मग आला.
बारा पूर्णांक चार.

"छान की!" मी म्हणाले.
"थांबा बाई," मार्लेनी म्हणाली,
"आपण कुठे बसलोय?
इथे हवा विरळ, म्हणून रक्त दाट दिसतं.
समुद्रकाठच्या मुलीशी तुलना करायची
तर डोंगराचं देणं आधी काढा.
तीन पूर्णांक एक."

चारातून एक गेला, तीन.
बारातून तीन गेले, नऊ.
हातचा घ्यावा लागला नाही.
तरी वाटलं, कुणीतरी कुणाच्या तरी हातचं
आधीच घेऊन गेलंय.

सकाळी काय खाल्लंस?
चहा.
चहाबरोबर?
साखर.
दुपारी?
चुन्यो. वाळवलेला बटाटा, काळा, पाण्यात फुगवलेला.
घरी कोंबड्या आहेत ना?
सहा.
मग अंडी?
अंडी आई रविवारी बाजारात नेते.
आणि शेतात किनुआ?
तो पोत्यात जातो.
कुठे?
तिने खांदे उडवले. "लांब."

शाळेचं दूध सहावीपर्यंत.
सातवीत वह्या वाढतात, विषय वाढतात,
हाडं वाढायला बघतात,
दर महिन्याला रक्त जायला लागतं,
आणि नेमका तेव्हाच
पेला मोजणीतून निघतो.

मार्लेनीने आवाज उतरवला:
"खायचं नसतं असं काही खातेस का गं?
माती? बर्फ?"
नेलिदाने माझ्याकडे पाहिलं.
चेहऱ्याकडे नाही, हातांकडे.
माझी बोटं पांढरी होती.

"खडू," ती म्हणाली.
"पांढरेच. रंगीत कडू लागतात."

मागे रांगेत विल्बर होता,
हातात पिवळ्या सरबताची बाटली, भरलेले गाल.
मी त्याला कायम धष्टपुष्ट समजत आले.
तेरा. वजा तीन पूर्णांक एक.
बाटली भाकरीपेक्षा स्वस्त पडते, तो म्हणाला,
आणि पोट लवकर गप्प बसतं.

एकतीस मुलं. एकतीस वजाबाक्या.
एवढा गृहपाठ मी कधी दिला नव्हता.

गोळ्या फुकट मिळाल्या.
नेलिदाच्या पोटात कळा आल्या, शौच काळी झाली,
आई घाबरली, पुडी तव्यामागे ठेवली.
मग मार्लेनी घरी गेली.
आता शनिवारी आई कोंबडीवाल्याकडून
गाठ मारलेल्या पिशवीत रक्त आणते,
कांद्यावर परतते.
नेलिदा नाक धरून गिळते
आणि म्हणते, खडू बरा होता.

ऑगस्टपासून ती तिसऱ्या तासाला जागी असते.
म्हणजे बहुतेक वेळा.
काल तिने फळ्यावर माझी चूक दाखवली,
मला रागच आला.

'आळशी' शब्दावर मी पांढरा रंग लावला.
उन्हाकडे धरलं की दिसतोच.

आज खणात अकरा खडू होते.
काल बारा.
मी कुणाचे खिसे पाहिले नाहीत.
हजेरी घेताना
एकेका नावाला थांबून
ओठ पाहत गेले.